सांगलीचं घर पुण्यातून बघताना: कॅमेरे, डीव्हीआर आणि घरचा व्हीपीएन

गावभागातली | रविवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी. आमचं घर सांगलीत, गावभागात. खाली दगडी जोतं, वर लाकडी माडी. आईबाबा दोघंच राहतात, मी नोकरीमुळे पुण्यात. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं (धोक्याची पातळी ४५ फूट), तेव्हा आमच्या सोप्यात छातीएवढं पाणी होतं. तेव्हापासून माझा अर्धा जीव तिथंच असतो. म्हणून दारावर, अंगणात, जिन्यात आणि परसात असे चार कॅमेरे बसवून घेतले, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) माडीवर ठेवला आणि मोबाइलवर ॲप घेतलं.

गेल्या महिन्यात सकाळी सातला बाबांचा फोन. "अगं, टीव्हीवर अंगणाचं नाव बदललंय बघ." कॅमेऱ्याच्या चित्रात खाली कोपऱ्यात बसवणाऱ्याने इंग्रजी अक्षरांत ‘अंगण’ असं टाकून दिलं होतं. तिथं इंग्रजीतच ‘हॅक्ड’ आलं होतं. चारही कॅमेऱ्यांवर. बाबांना वाटलं मीच पुण्यातून काहीतरी केलं. मी त्यांना फोन चालू ठेवून माडीवर जायला सांगितलं आणि डीव्हीआरच्या मागची निळी वायर ओढायला लावली. ती सुटल्याचा टिचकन आवाज मला इकडे ऐकू आला. फोन ठेवल्यावर अर्धा तास मी जागची हलले नाही. आई रोज पहाटे अंगणात तुळशीला पाणी घालते. ते कोण बघत होतं, किती दिवस बघत होतं, मला कधीच कळणार नाही.

बसवणाऱ्याने राउटरमध्ये डीव्हीआरचं पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, बाहेरच्यांसाठी उघडून ठेवलं होतं आणि पासवर्ड कंपनीतून आला तोच. विचारल्यावर म्हणाला, "ताई, सगळीकडे असंच करतो, नाहीतर मोबाइलवर दिसत नाही." आमच्या गल्लीतल्या आणखी पाच-सहा घरांत त्यानेच काम केलंय.

वायर अजून काढलेलीच आहे. मला कॅमेरे परत हवेत. शिवाय बाबांच्या कॉम्प्युटरवरचे जुने फोटो आणि वरच्या टाकीच्या मोटारीचा वायफाय स्विचही हवा. पण असं उघड्यावर नको. घरी व्हीपीएन बसवता येतो असं वाचलं. मी अकाउंट्सचं काम करते, यातलं फार कळत नाही, पण शिकायची तयारी आहे. कुणी पहिल्यापासून सांगेल का?

जुना_नेटवर्कवाला | रविवार, सकाळी ११.३५

ताई, वायर ओढलीत ते सगळ्यात बरोबर केलंत. आता सावकाश सांगतो.

इंटरनेटवर प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो, त्याला आयपी म्हणतात. त्यातल्या आयपीव्ही४ या प्रकाराचे सगळे पत्ते मिळून जेमतेम ४३० कोटी. एक दमदार सर्व्हर एखादं पोर्ट धरून हे सगळे पत्ते तासाभरात चाळून काढतो, आणि असे चाळणारे प्रोग्राम रात्रंदिवस चालू असतात. म्हणजे तुमचं घर कुणी शोधून काढलं असं नाही, चाळणीत ते आपोआप सापडलं. २०१६ मधल्या मिराई नावाच्या प्रोग्रामने हेच केलं. कारखान्यातून येणारे साठेक पासवर्ड घेऊन तो कॅमेरे आणि डीव्हीआर उघडत सुटला आणि त्याच यंत्रांची फौज करून त्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. काही जण सांगतील, पोर्टचा नंबर बदला. त्याने काही साधत नाही, चाळणारा सगळेच नंबर चाळतो.

व्हीपीएनमध्ये डीव्हीआर बाहेरून दिसतच नाही. घरात एक छोटं यंत्र पहारेकरी म्हणून बसतं, तुमच्या मोबाइलपासून त्याच्यापर्यंत कुलूपबंद बोगदा होतो आणि त्या बोगद्यातून तुम्ही घरातच वायफायवर असल्यासारख्या आत येता. मी वायरगार्ड नावाचा व्हीपीएन सुचवेन. २०२० पासून तो लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात आहे (५.६ आवृत्तीपासून), कोड चारेक हजार ओळींचा, त्यामुळे जाणकारांनी तो वाचून तपासलेला आहे. मला त्यातली सगळ्यात आवडती गोष्ट ही, की ज्याच्याकडे ओळखीची किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही. दार वाजवणाऱ्याला आतून हूं नाही की चूं नाही. त्या चाळणाऱ्या प्रोग्रामला तिथं काही आहे हेच कळत नाही.

आणखी एक. तुमचं पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं घरातल्या यंत्राकडे वळवणं) चालत होतं, म्हणजे घराला पब्लिक आयपी, बाहेरून थेट पोचता येईल असा स्वतःचा पत्ता, मिळतोय. तो बदलता असला तरी चालेल. हे तुमचं नशीब, बऱ्याच जणांना मिळत नाही.

तर आधी राउटरमधलं ते जुनं फॉरवर्ड काढा. यूपीएनपी नावाचा पर्याय चालू असेल तर तोही बंद करा, नाहीतर डीव्हीआर स्वतःच पुन्हा दार उघडून घेईल. डीव्हीआर फॅक्टरी रीसेट करा, फर्मवेअर (त्याच्या आतला प्रोग्राम) नवं टाका, पासवर्ड लांब ठेवा. आत शिरलेल्याने आणखी एखादा युजर बनवून ठेवला असेल तर रीसेटने तोही जाईल. हे सगळं झालं की मगच पहारेकरी म्हणून रास्पबेरी पाय घ्या, तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, त्यालाच नुसतं ‘पाय’ म्हणतात. साधा, जुना चालेल.

विश्रामबागकर | रविवार, दुपारी १.०२

मला वाटायचं व्हीपीएन म्हणजे ते महिन्याला पैसे भरून घ्यायचं ॲप. आणि ते आपल्याकडे बंद केलंय ना सरकारने?

जुना_नेटवर्कवाला | रविवार, दुपारी १.२०

दोन्ही वेगळं आहे, दादा. पैसे भरून घेता त्यात तुमची वाट दुसऱ्याच्या सर्व्हरवरून जाते. इथं सर्व्हर आपल्याच माडीवर आहे आणि कुणाला महिना द्यायचा नाही. बंदीही नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएनची सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांच्या नोंदी पाच वर्षं ठेवायला सांगितलं. स्वतःच्या घरात शिरायला स्वतः बसवलेल्या व्हीपीएनचा त्याच्याशी संबंध नाही.

मिरजेची_ताई | रविवार, दुपारी ४.४५

तंत्राचं मला फारसं कळत नाही, पण एक विचारू? जिन्यातला कॅमेरा स्वयंपाकघराच्या दाराकडे आहे का? आईला विचारलं होतं का? माझ्या सासूबाई कॅमेरा लावल्यापासून घरातसुद्धा डोक्यावरचा पदर सोडत नव्हत्या. कुणी काही बोललं नव्हतं, त्याही काही बोलल्या नाहीत. दोन वर्षांनी माझ्या धाकट्या नणंदेच्या लक्षात आलं. बाहेरच्याने बघू नये म्हणून तुम्ही एवढी धडपड करताय, ते योग्यच आहे. पण आपण बघतो तेही त्यांना विचारून असावं.

गावभागातली | रविवार, रात्री ९.५०

ताई, तुमचं वाचून लगेच आईला फोन केला. ती आधी "तुला बरं वाटतं ना, मग असू दे" म्हणाली. पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाली, "जिन्यातला नको वाटतो गं." चार वर्षं तो कॅमेरा आहे. आता तीनच राहतील. हे लिहिल्याबद्दल तुमचे मनापासून आभार.

नेटवर्कवाले काका, पुढच्या शनिवारी सांगलीला जातेय. पाय मागवला.

द्राक्षबाग_तासगाव | सोमवार, पहाटे ५.४०

माझा अनुभव लिवतो, कुणाच्या तरी कामाला येईल. बाग घरापास्नं चार किलोमीटर. शेतात फोर जी राउटर, मोटारीचा स्टार्टर, एक हवामानाचं यंत्र आणि एक कॅमेरा. शेतीची लाईट कधी दिवसा तर कधी रात्री. रात्री दोनला मोटार चालू झाली का नाही बघायला चार किलोमीटर गाडी मारायची, थंडीत, बिबट्याच्या भागात. म्हणून हे सगळं.

फोर जीवर पब्लिक आयपी मिळत नाही. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० नं चालू होणारा दिसतो. कंपनी एक पत्ता शेकडो गिऱ्हाइकांत वाटून देते, त्यामुळं बाहेरनं आत यायला वाटच नाही. मग मी मुंबईतल्या डेटा सेंटरमधला छोटा सर्व्हर भाड्यानं घेतला. शेतातला पाय आतनं बाहेर त्या सर्व्हरला बोगदा करतो, माझा मोबाइल पण त्यालाच करतो आणि दोघं तिथं भेटतात. पाय गप बसला की मधली कंपनी वाट मिटवून टाकती, म्हणून सेटिंगमध्ये पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ टाकायचं. दर पंचवीस सेकंदाला एक बारका निरोप जातो, वाट उघडी राहती.

आता खरं दुखणं सांगतो. लाईट गेली, चार-पाच तासांनी आली, पाय चालू झाला, पण बोगदा काही लागंना. अर्धा तास थांबलं तरी न्हाई. शेतात जाऊन कीबोर्ड लावावा तेव्हा चालू. छाटणीच्या दिवसांत हे तीनदा झालं. कारण सापडायला दोन महिने गेले. पायला स्वतःचं घड्याळ नसतं. अचानक लाईट गेली की परत चालू होताना तो आधी कधीतरी लिहून ठेवलेली जुनीच वेळ धरून बसतो, ती लाईट जायच्या पण मागची असती. वायरगार्ड बोगदा जोडायला समोरच्याशी हात मिळवताना वेळ पाठवतो, आणि ती आधी पाठवलेल्या वेळेच्या मागची असंल तर समोरचा म्हणतो, हा कुणीतरी जुनाच निरोप परत पाठवतोय, आणि टाकून देतो. बरं, इंटरनेटवरनं वेळ घ्यावी तर मी सगळीच वाहतूक बोगद्यातनं जाईल असं लिहून ठेवलेलं. बोगदा लागंना म्हणून वेळ मिळंना, वेळ मिळंना म्हणून बोगदा लागंना.

कुठली वाहतूक बोगद्यातनं जाणार ते ठरवणाऱ्या अलाउड आयपीमध्ये सगळं शून्य (म्हणजे सगळेच पत्ते) लिहिलं होतं, ते काढून फक्त माझ्या जाळ्याचा पत्ता टाकला. आता वेळ बाहेरनं सरळ येती, मिनिटभरात बोगदा लागतो. तीन रुपयाची चूक, दोन महिन्यांचा ताप.

जुना_नेटवर्कवाला | सोमवार, सकाळी ८.१५

भाऊ, हे फार मोलाचं लिहिलंत. मी पंधरा वर्षं या कामात आहे, हा घोळ मला गेल्या वर्षी कळला. एवढीच भर घालतो: पाय ५ मध्ये घड्याळाची सोय आहे, पण त्याला छोटी बॅटरी वेगळी लावावी लागते. जुन्या मॉडेलला घड्याळाचा वेगळा तुकडा जोडता येतो.

साताऱ्याचा_सुपुत्र | सोमवार, दुपारी १२.३०

सातारा शहरात माझ्याकडे फायबर आहे, पण पत्ता तोच, १०० वाला. भाड्याचा सर्व्हर सांभाळणं जमेना म्हणून टेलस्केल वापरलं. आतून तेही वायरगार्डच, फक्त किल्ल्यांची देवाणघेवाण आणि वाट शोधणं त्यांचं मधलं केंद्र करतं. वीस मिनिटांत चालू झालं. केंद्राला आपली यंत्रं कोणती ते दिसतं, आतलं बोलणं दिसत नाही, कारण खासगी किल्ली यंत्राबाहेर जातच नाही.

दोन गोष्टी सांभाळा. लॉगिन तुमच्या मेलच्या खात्यावरून होतं, तर त्या खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावाच, नाहीतर सगळ्या घराची किल्ली त्या एका पासवर्डवर आली. आणि तिथं प्रत्येक यंत्राच्या किल्लीची मुदत आपोआप १८० दिवसांची असते. मला माहीत नव्हतं. बरोबर सहा महिन्यांनी, मी बेंगळुरूला असताना, घरचं यंत्र गळालं. आई आजारी होती त्याच आठवड्यात. घरी ठेवायच्या यंत्रापुरती ती मुदत पहिल्याच दिवशी बंद करून ठेवा.

विश्रामबागकर | सोमवार, दुपारी १२.४४

साहेब, आई आता बऱ्या आहेत ना?

साताऱ्याचा_सुपुत्र | सोमवार, दुपारी १२.५०

हो, आता छान आहे. विचारल्याबद्दल आभार.

गावभागातली | शनिवार, रात्री ११.२०

सांगलीहून लिहितेय. दिवसभर माडीवर बसून केलं. अर्धं झालं, अर्धं अडलंय.

झालं ते असं. डीव्हीआर रीसेट केला. युजरच्या यादीत खरंच एक अनोळखी नाव होतं, ते बघून अंगावर काटा आला. रीसेटनंतर गेलं. राउटरचं जुनं फॉरवर्ड काढलं आणि फक्त वायरगार्डचं यूडीपी ५१८२० हे एक पोर्ट पायकडे वळवलं. घराचा आयपी बदलता आहे म्हणून डकडीएनएसवर (बदलत्या पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) फुकट नाव घेतलं, पाय दर पाच मिनिटांनी तिथं नवा पत्ता कळवतो. माझ्या मोबाइलची, लॅपटॉपची आणि बाबांच्या मोबाइलची अशा तीन वेगळ्या किल्ल्या केल्या. पायच्या काळ्या पडद्यावर क्यूआर कोड आला, तो बाबांनी स्वतः स्कॅन केला. चौकटीत बसेना म्हणून चष्मा काढून, पुन्हा लावून, तीन वेळा. मग हिरवं झालं.

अडलंय ते असं. मोबाइलचं वायफाय बंद करून डेटावर बघितलं, तर पाय लागतो, डीव्हीआर लागत नाही. पायवर ‘डब्ल्यूजी शो’ ही आज्ञा दिल्यावर हात मिळवल्याची वेळ दिसते, म्हणजे बोगदा आहे. मग डीव्हीआर का नाही?

जुना_नेटवर्कवाला | शनिवार, रात्री ११.४१

शाब्बास! अवघड ते झालंय. बोगदा लागतो, पाय लागतो, पुढचं लागत नाही, म्हणजे पाय स्वतःकडे आलेलं पुढे पाठवत नाही. लिनक्समध्ये आयपी फॉरवर्डिंग मुळात बंद असतं. ‘नेट.आयपीव्ही४.आयपी_फॉरवर्ड’ एक करा आणि ते कायमचं राहील असं फाइलमध्ये लिहा, नाहीतर लाईट गेली की परत शून्य. मग दुसरी अडचण येईल: डीव्हीआरला उत्तर कुणाकडे द्यायचं ते कळणार नाही, कारण बोगद्यातला पत्ता त्याच्या ओळखीचा नाही. तो उत्तर राउटरकडे पाठवेल आणि ते हरवेल. पायवर मास्करेड लावा, म्हणजे डीव्हीआरला वाटेल पायनेच विचारलं.

आणि किल्लीचा तो क्यूआर कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, स्क्रीनशॉटही ठेवू नका. त्यात खासगी किल्ली असते. ज्याच्याकडे तो फोटो गेला, तो तुमच्या घरात.

गावभागातली | रविवार, सकाळी ७.०५

लागला! पहाटे साडेपाचला उठून केलं. मोबाइलच्या डेटावर अंगण दिसलं, आई तुळशीपाशी होती. या वेळी तिला सांगून बघितलं. तिने कॅमेऱ्याकडे बघून हात केला.

गावभागातली | मंगळवार, रात्री ८.३०

पुण्यात आले आणि पुन्हा अडलं. मोबाइलच्या डेटावर सगळं लागतं, पण फ्लॅटच्या वायफायवर बोगदा लागूनही डीव्हीआर येत नाही. सांगलीला आणि इथं दोन्हीकडे राउटर १९२.१६८.१.१ आहे, त्याने काही होतं का?

जुना_नेटवर्कवाला | मंगळवार, रात्री ८.५२

त्यानेच होतं. तुमचा लॅपटॉप म्हणतो, १९२.१६८.१ चं घर तर इथंच आहे, बोगद्यात कशाला जाऊ? दोन गल्ल्यांना एकच नाव दिल्यासारखं झालंय. सांगलीचं जाळं बदला, १९२.१६८.४७ असं काहीतरी, जे दुसरीकडे सहसा नसतं. खरं तर हे मी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, ताई. आता तुम्हाला पाय, डीव्हीआर आणि मोटारीचा स्विच सगळ्यांचे पत्ते पुन्हा लावावे लागतील. पोर्ट फॉरवर्डमधला पायचा पत्ताही. बोगद्यातून हे करू नका, मध्येच तुटेल आणि तुम्ही बाहेर राहाल. घरी कुणी असताना, वायफायवर बसून करायचं.

गावभागातली | मंगळवार, रात्री ९.००

पुढच्या वेळी जाईन तेव्हा करते. तोवर मोबाइलच्या डेटावर बघते. काका, तुम्ही एवढा वेळ देताय, रागवायचा प्रश्नच नाही.

नवा_सभासद | बुधवार, दुपारी ३.१५

एक शंका. पूर आला की त्या भागाची वीज बंद करतात. मग राउटर बंद, पाय बंद. ज्या दिवशी खरी गरज त्या दिवशी हे काय कामाचं?

गावभागातली | बुधवार, रात्री १०.१०

तुमचं बरोबर आहे. पाणी घरात शिरल्यावर याचा उपयोग नाही, आणि त्या वेळी आईबाबांनी घरात असूही नये. मला त्याच्या आधीचे दोन दिवस हवेत. कोयनेतून विसर्ग वाढतो, आयर्विनला पाणी ३५, ३८ असं चढत जातं, ४० फुटांना इशारा पातळी येते. बाबा म्हणतात, "अजून काही नाही, उगाच घाबरू नकोस." तेव्हा परसातल्या कॅमेऱ्यात गटारातून पाणी उलटं यायला लागलेलं दिसलं, की मी गाडीत बसणार. २०१९ ला आम्ही एक दिवस उशीर केला होता.

राउटरला आणि पायला मिळून बारा व्होल्टचा छोटा यूपीएस बसवलाय, फायबरचा डबाही त्यावरच. साधी लाईट गेली तर दोन-तीन तास निघतात.

द्राक्षबाग_तासगाव | गुरुवार, पहाटे ५.२०

ताई, यूपीएसला पाय जोडताना मधे पाच व्होल्टचा कन्व्हर्टर लावलाय ना? बारा सरळ दिलं तर पाय जळंल. माझा एक जळलाय.

गावभागातली | गुरुवार, सकाळी ७.४५

हो दादा, लावलाय. वायरीची फळी करून दिली ती मिरजेच्या एका इलेक्ट्रिशियनने, त्यालाही आधी हेच विचारलं होतं.

मिरजेची_ताई | तीन आठवड्यांनी, रविवार, सायंकाळी ६.३०

काय झालं पुढे, ताई? पत्ते बदललेत का?

गावभागातली | रविवार, रात्री ९.२५

काल बदलले, ४७ चं जाळं केलं. आता फ्लॅटच्या वायफायवरूनही लागतं. एक गोष्ट मात्र लिहून ठेवते, कारण ती कुठेच नीट सापडली नव्हती. परवा रात्री वादळात लाईट सहा तास गेली, यूपीएस संपला. लाईट आल्यावर घराचा बाहेरचा आयपी बदलला, डकडीएनएसवर नवा गेला, तरी माझा लॅपटॉप जुन्याच पत्त्यावर हाका मारत बसला होता. डकडीएनएसच्या नावामागचा पत्ता वायरगार्ड बोगदा सुरू करताना एकदाच विचारतो, मग तोच धरून ठेवतो. बोगदा बंद करून पुन्हा चालू केला की लागतो. एवढंच करायचं होतं आणि मी रात्री एक वाजता बाबांना उठवणार होते.

गल्लीतल्या सहापैकी चार घरांत जाऊन त्यांच्या राउटरमधलं उघडं पोर्ट बंद करून दिलं. पाचव्या घरातले काका म्हणाले, आमच्याकडे चोरण्यासारखं काय आहे. मी त्यांना आमच्या डीव्हीआरच्या युजर यादीचा काढून ठेवलेला फोटो दाखवला. त्यांनी सूनबाईंना बोलावून दाखवला, आणि मग राउटरचा पासवर्ड शोधायला दोघं उठले. सहावं घर बंद आहे, माणसं मुलाकडे गेलीयत. ती गणपतीला येतात, तेव्हा जाईन.

जिन्यातला कॅमेरा काढला. भिंतीला दोन भोकं राहिली होती, तिथं आईने खिळा ठोकून कॅलेंडर लावलंय.